ट्रे क्रमांक तेरा ते चोवीस

मी खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (प्रयोगशाळा सहायक), राहणार कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक ११, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते. पतीचा धाकटा भाऊ, वय ३२, माझ्याच प्रयोगशाळेत रोजंदारीवर आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला कामावर मीच लावले.

आमच्याकडे कोंबड्यांच्या खाद्याची तपासणी होते. प्रत्येक कोंबडी वेगळ्या पिंजऱ्यात असते व खाली पत्र्याचा ट्रे असतो. तिने खाल्लेले खाद्य आम्ही तोलतो. ट्रेमधली विष्ठा ओव्हनमध्ये वाळवून तोलतो व यंत्रात जाळून तिच्यात किती ऊर्जा उरली ते मोजतो. खाद्यातल्या ऊर्जेतून ती वजा केली की कोंबडीच्या अंगी किती लागली ते कळते. म्हणजे विष्ठा कमी भरली तर खाद्य चांगले ठरते.

सध्या पिंजरा १ ते १२ ला जुने व १३ ते २४ ला एका कंपनीचे नवे खाद्य चालू आहे. काल, विष्ठा गोळा करण्याच्या तिसऱ्या दिवशी, १३ ते २४ चे ट्रे निम्मेच भरले. कोंबड्या तेवढेच खात होत्या आणि त्यांची वजने उलट कमी होती. मी दिराला विचारले, "खाल्लेलं गेलं कुठं?" तो म्हणाला, "नवीन खाद्य आहे वहिनी, अंगी लागत असेल." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

आज मी आठऐवजी साडेसहाला गेले. माझा दीर ट्रे क्रमांक १९ मधली विष्ठा पिशवीत खरवडत होता. मी पिशवी घेतली. तो म्हणाला, "कोंबडीची घाण ती. कुणाचं काय जातंय?" मी म्हणाले, "हा आकडा बघून लोक हे खाद्य घेतील. त्यांच्या कोंबड्या खातील आणि वाळत जातील." तेव्हा त्याने सांगितले की, विभागप्रमुख साहेबांनी त्याला कायम करतो असा शब्द दिला आहे. पिशवी ८८० ग्रॅम भरली. मी तसे वहीत लिहिले.

सहा पन्नासला मी पिशवी व वही घेऊन ओव्हनच्या खोलीत गेले. मागोमाग साहेब आले. म्हणाले, "बाई, ती पिशवी इकडे द्या आणि वहीचं पान फाडा." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मग बसा आतच, डोकं ठिकाणावर येईपर्यंत." त्यांनी बाहेरून कडी लावली. हवेच्या पंख्याचे बटण बाहेर आहे. पंखा बंद झाला.

खोली आठ बाय सात आहे, खिडकी नाही. दोन्ही ओव्हन ६५ अंशांवर चालू होते. ते बंद करता आले असते. मी केले नाहीत, कारण आत कालचे ट्रे होते. मध्येच थांबवले तर नमुना आंबतो, आणि साहेबांना माझ्यावर ठपका ठेवायला आयते निमित्त मिळाले असते.

सात दहाला मला घेरी आली व मी दाराशी बसले. दाराखालच्या फटीतून मला दिराच्या चपला दिसल्या. मी त्याला घरच्या नावाने हाक मारली. चपला हलल्या नाहीत. मी पुन्हा हाक मारली. नंतर हाक मारली नाही. आठ पाचला त्याने कडी काढली. म्हणाला, "वहिनी, बाहेर या." मी पिशवी व वही घेऊन चालत इथे आले. दोन्ही जमा केली आहेत. पिशवी फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर वजन घटेल.

कडी साहेबांनी लावली. माझा दीर पंचावन्न मिनिटे बाहेर उभा होता, हे मी घड्याळ बघून सांगत आहे. माझी तक्रार दोघांविरुद्ध आहे. घरी कोणालाही फोन करू नये. पतीला व सासूबाईंना मी स्वतः सांगणार आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी "सदर इसम" असे लिहिले होते, तिथे मी "माझा दीर" असे करून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे व खरे आहे.