शुल्क मान्य आहे का?

दुकानातल्या एटीएम मशीनवर मांजर झोपलं होतं. त्याची शेपटी पडद्यावर लोंबत होती. ती हलली की 'शुल्क साडेतीन डॉलर, मान्य आहे का?' ही ओळ झाकली जाई आणि पुन्हा उघडी पडे. माझ्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं.

"साडेतीन डॉलर! माझेच पैसे मला द्यायला?"

"व्हर्लिन, सकाळपासून प्रत्येक मशीनपुढे हेच चाललंय तुझं."

"आपल्या बँकेच्या मशीनवर काही शुल्क पडत नाही, ओपल."

"ते नेब्रास्कात आहे. पशुखाद्याच्या दुकानासमोर."

"एवढं मोठं न्यूयॉर्क, इथे त्यांची एखादी शाखा नसेल?"

"अरे, आपल्याच गावात दुसरी नाही!"

"काका, समोरचा डम्पलिंगवाला फक्त रोख घेतो," गल्ल्यावरून दुकानदार म्हणाला. "आणि आता शटर ओढेल."

"ऐकलंस? भुकेने जीव चाललाय माझा."

"पिशवीत बिस्किटं होती की."

"ती तू विमानातच संपवलीस."

"कोपऱ्यावरचं मशीन कमी घेत असेल."

"चार घेतं, काका. शिवाय तिथे मांजरही नाही."

"लग्नातसुद्धा 'ही बायको म्हणून मान्य आहे का?' विचारणाऱ्या पाद्रीबाबांना असंच ताटकळत ठेवलं होतंस. सगळं चर्च बघत होतं."

"मी विचार करत होतो."

"झाला का करून?"

मांजराने शेपटी उचलली. व्हर्लिनने टोपी काढून छातीशी धरली.

"मान्य आहे!"