टांग्यामागचा हमाल

ठाण्याच्या टॉकीजवर बायकांच्या रांगेत मी मधे सापडले होते. पुढे एक चष्मेवाल्या बाई, मागे एक तरुण बाई आणि तिची म्हातारी आई; पुढच्या-मागच्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं.

“अहो, ढकलताय काय? खिडकी उघडली नाहीये अजून.”

“चुकलं बाई. पण सुरुवात हुकली तर आमचं येणंच फुकट. आणि उद्या सिनेमा बदलतोय.”

“सुरुवातीला आहे काय? नुसता बाजार. हिरो टांग्यातून उतरतो तिथून खरी मजा. मी तिसऱ्यांदा आलेय. काय हसतो हो तो!”

“मी टांग्याच्या मागं बघते. तिथनं एक हमाल जातो, डोक्यावर पेटी घेऊन.”

“हमाल? मला कधी दिसला नाही तो.”

“तुम्ही हिरोकडं बघत असाल. तो माझा भाऊ आहे, मारुती. घरातनं भांडून गेला, तो गेलाच. आज आईला दाखवायला आणलंय. उघडली का हो खिडकी?”

“नाही हो. चेहरा नीट दिसतो का त्याचा?”

“चेहरा कुठला? पाठमोराच आहे. पण डावा खांदा पाडून चालतो, अगदी लहानपणापासनं. आये, आत गेल्यावर रडत बसू नको. डोळे पुसेस्तोवर निघून जाईल तो.”

“नाही रडत. तो मागं वळून बघतो का, तेवढं सांग.”

“नाही गं, आये.”

“मग तोच. गेला तवाबी वळला नव्हता.”