अडीअडचणीचा सर्व्हर

हॉस्पिटलच्या बाकावर बायकोच्या रिपोर्टची वाट पाहणाऱ्या आजोबांचे कान शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते.

"बाबांचं ऑपरेशन अडलंय, आणि इथले सर्व्हर तूच सांभाळतोस ना रे?"

"ताई, सर्व्हरमध्ये चोर शिरले. सगळे रिपोर्ट कुलूपबंद केलेत."

"अपडेट नव्हता केलास?"

"नवा सर्व्हर केला. जुना साहेबांनी अडीअडचणीला म्हणून चालूच ठेवला, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिथूनच शिरले."

"रिपोर्टांची दुसरी प्रत?"

"आहे. पण जुना बंद केल्याशिवाय लावली, तर तीही जाईल."

"मग कर की बंद!"

"साहेबांची परवानगी हवी."

"कुठं तडमडलाय तुझा साहेब?"

"आत. बाबांच्या शेजारच्या खाटेवर. त्यांचंही ऑपरेशन अडलंय."

"ऊठ. आधी वायर उपट, मग विचार."

आजोबांनी वाटेतले पाय मुकाट्यानं आत घेतले.