स्मॅशची रॅकेट

मला सांगा, एक रॅकेट घ्यायला कुणाला तीन आठवडे लागतात का? आमच्या ह्यांना लागले. रोज जेवताना मोबाईलवर तेच व्हिडिओ, आपल्या खेळाला साजेशी रॅकेट कशी निवडायची. रविवारी सोसायटीत आमची मिक्स डबल्सची मॅच होती, म्हणून शेवटी शनिवारी मीच ह्यांना ओढत दुकानात नेलं.

दुकानदार म्हात्रेदादा इथलेच, पनवेलचे. त्यांनी विचारलं, "साहेब, गेम कसा तुमचा?"

"अटॅकिंग," हे म्हणाले. "डोक्याकडे जड असलेली दाखवा, स्मॅशची."

दादा माझ्याकडे वळले. "वहिनी, खरं हाय का?"

म्हटलं, "दादा, सहा महिने ह्यांच्याबरोबर खेळतेय. शटल आलं की हे 'तुझं, तुझं!' ओरडून बाजूला होतात. अख्खं कोर्ट मी धावते."

"मग जड रॅकेट तुमी घ्या," दादा म्हणाले. "साहेबांना शिट्टी देतो."

पण ऐकतील तर हे कसले! घेतलीच, तीही दुकानातली सगळ्यात महागडी.

रविवारी आमची अख्खी खांदा कॉलनी लोटल्यासारखी गर्दी. पहिलंच शटल उंच आलं, बरोब्बर ह्यांच्या डोक्यावर. ह्यांनी रॅकेट उगारली. मी मुकाट्याने बाजूला झाले.

"तुझं!"

शटल दोघांच्या मधे पडलं. मी ते उचलायला वाकले, तर हे रॅकेटच्या जाळीवरून, त्या नव्या गटिंगवरून, बोट फिरवत म्हणतात, "अगं, नवीन आहे. पहिल्याच दिवशी एवढ्या जोरात मारायचं नसतं."