ओळ सात, जागा चौदा

हॅलो? … हॅलो! … हो, नागपूरच्या स्मशानभूमीचं ऑफिस. नाल्याकाठची. … ट्रंक कॉल? कुठून? … भिलाईहून. … द्या न, जोडा.

हॅलो? … मोठ्यानं बोला बाई, खरखर होऊन राहिली. … नमस्कार. मी चंद्रभान. इथला बाबू. नोंदी ठेवतो. … नाही, साहेब नाही, बाबूच. साहेब इथं बसत नाहीत. इथं बसाले कोणी तयार नसते. … बोला. कोण वारलं?

हो… हो… रुपराव. तुमचे मालक. … मागच्या महिन्यात. … वाईट झालं. … पण बाई, तिकडे वारले तर नोंद तिकडेच होते. इथं… बरं. … त्यांच्यासाठी नाही. … मग कोणासाठी?

हॅलो? … आहे न लाइनवर? … आरामानं सांगा. घाई नाही. … एक्सचेंजची बाई तीन मिनिटं म्हणते, तिले म्हणू द्या.

हो. … मुलगी. … नऊ दिवसांची. … कोणत्या साली? … एकोणसाठ. दिवाळीनंतर. … म्हणजे अठरा वर्षं झाली. … हो बाई, असती तर अठराची असती.

तुम्ही दवाखान्यातच होत्या. … टाके होते. … अन् मालक आणि थोरले दीर घेऊन गेले. … कुठं नेलं, सांगितलंच नाही? काहून? … ‘त्या गोष्टी काढू नये.’ … हो. पहिले असंच सांगत. आताही सांगतात.

मग आता कसं कळलं तुमाले, इथं म्हणून? … ट्रंकेत. … त्यांच्या नोकरीच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात. … आत चिकटवलेली? … पावती. वाचा बरं, काय लिहिलं आहे. … फिक्की झाली असन. दिसते तेवढं वाचा. … ‘बालदफन’. बरोबर, आमचीच. … नंबर? … चारशे काय? … बारा. चारशे बारा.

थांबा. ठेवू नका. … गोविंदा! ए गोविंदा गा! एकोणसाठचं रजिस्टर काढ. … ते नाही, ते लाकडाच्या हिशेबाचं आहे. त्याच्या खालचं. लाल पाठीचं. … वाळवी झटक पहिले, मग आण.

बाई, गोविंदा खड्डे खणते इथं. तीस वर्षं झाली. वाचता येत नाही त्याले, पण कोणतं रजिस्टर कुठं आहे ते त्यालेच माहीत.

कोण? … हो, मालूम आहे, तीन मिनिटं झाले. मले काहून विचारता, त्या बाईले विचारा. … वाढवा म्हणते न? मग वाढवा.

मिळालं. … चारशे नऊ… दहा… हे अकरा. … हं. चारशे बारा. सतरा नोव्हेंबर एकोणसाठ. … एकेक रकाना वाचतो, तुम्ही हो का नाही ते सांगा. … लिंग, स्त्री. … वय, नऊ दिवस. … बापाचं नाव, रुपराव. … राहणार बिनाकी. … धंदा, गिरणी कामगार. … हो, भिलाईले तुम्ही नंतर गेल्या, बरोबर आहे. … कारण, ताप. … अक्षर माझ्या आधीच्या बाबूचं आहे. चांगलं आहे. … अन् नाव, शामला.

… हॅलो? … बाई? … कटला का गा हा? … आहे. बरं.

हो, शामला. श ले काना, म, ल ले काना. … मी काहून खोटं वाचीन? उलट मलेच नवल वाटून राहिलं. एवढ्या लेकराच्या रकान्यात नाव नसतेच. ‘निनावी’ लिहितात, नाहीतर आडवी रेघ ओढतात. हे सगळं पान रेघांचं आहे. एकाच ठिकाणी नाव आहे.

… बारसं झालंच नव्हतं. … कुठून होईन, नवव्या दिवशी. … मग नाव कोणी? … तुम्ही. … मनातल्या मनात. … सासूबाई म्हणाल्या, बाराव्या दिवसाच्या आत नाव तोंडातून काढाचं नाही. … फक्त मालकाले सांगितलं होतं. दवाखान्यात, खाटेवर. … अन् ते काय म्हणाले? … ‘बघू’ म्हणाले.

… बघितलं न त्यांनी, बाई. लिहून ठेवलं.

… रडा. मी आहे. … एक्सचेंज, तुम्ही आता मधात नका बोलू.

… काय? … जागा? … हो, लिहिली आहे. ओळ सात, जागा चौदा. … नाही, दगड नाही. पाटी नाही. खोटं काहून सांगू? लेकरांच्या कोपऱ्यात कोणाचीच पाटी नसते. गवत आहे, दोन बाभळी आहेत. पण जागा सापडते. भिंतीपासून पावलं मोजाची. गोविंदा डोळे मिटून मोजते. … हो, तिथंच आहे. कोणी हलवलं नाही.

… येते म्हणता? … याल. पण बाई, एक गोष्ट सांगाची राहिली. ऐका. … घाबरू नका, पहिले ऐकून घ्या. … त्या कोपऱ्यात पंपघर होणार आहे. … पंपघर. विहिरीचं पाणी वर चढवासाठी. … पाणी लागते इथं, लोकं हातपाय धुतात, राख थंड कराची असते. पंप पाहिजेच. जागा चुकली. … केव्हा म्हणजे, आजच. मुकादम आला आहे, माणसं आहेत, चुन्याचं पोतं आहे. खिडकीतून पाहून राहिलो मी. … खुंट्या ठोकून राहिले. … ओळ सहा ते नऊ.

… ऐका न… अवं बाई, ऐका. ओरडू नका, मले ऐकू येते. … मी साहेबाले तीन पत्रं लिहिली. ती जागा मोकळी नाही म्हणून. लाकडाच्या गोदामाजवळ जागा पडली आहे, तिथं बांधा म्हणून नकाशाही काढून दिला. … उत्तर आलं न. ‘सदर दफनांचे कोणी वारस आढळून येत नाहीत, सबब जागा मोकळी समजावी.’ … हो, वारस. नऊ दिवसांच्या पोरीचे वारस. … पण त्यांचंही खोटं नाही. बारा वर्षं झाली मले या खुर्चीवर. मोठ्यांसाठी लोकं येतात, भांडतात, दिवा लावतात. लेकरांच्या कोपऱ्याचं विचाराले कोणी आलं नाही. … घरूनच मनाई असते. तुमाले होती तशी. … हो. तुम्ही पहिल्या.

म्हणून विचारतो. तुम्ही आई न? … मले माहीत आहे, पण विचारा लागते. … नाव? … जयवंता रुपराव. … वय? … एकेचाळीस. … तुमची हरकत आहे? … तसं नाही, ‘हरकत आहे’ असं म्हणा. … हां. लिहून राहिलो.

आता तुमच्या शब्दांत सांगा. … ‘माझी पोरगी तिथं आहे. तिच्यावर खणू नका.’ … अजून? … नाही, ‘पाया पडते’ मी लिहीत नाही. हरकतीत पाया पडत नसतात. … काय म्हणता? … ‘आजूबाजूच्यांवरही नका खणू.’ … त्यांचंही लिहू? … तुम्ही ओळखत नाही त्यांना. … बरं. लिहिलं. चारही ओळी घातल्या.

गोविंदा, मुकादमाले बोलाव गा. पळत जा. … नाही, चहाले नाही. काम थांबवून ये म्हणा.

… हो बाई, बोलावलं. … ठेवू नका, काहीही झालं तरी ठेवू नका.

या मुकादम. … थांबवा म्हटलं. हरकत आली. … हे पाहा, लेखी आहे. … अक्षर माझं आहे म्हणून काय झालं, सांगून त्या राहिल्या. आई आहे. भिलाईहून बोलून राहिली. … साहेबाले विचारता? विचारा न. … नाही, फोन नाही मिळत. फोनवर हरकत चालू आहे, दिसून नाही राहिलं? … दुसरा फोन चौकीवर. दीड मैल आहे. … ऊन आहे खरं.

… बाई? … हो, मुकादमच आहे. चांगला माणूस आहे. आज त्याच्या हातात चुना आहे, एवढंच.

मुकादम, बोलता त्यांच्याशी? … नको? … मग मी वाचतो, ऐकून घ्या. चारशे बारा. स्त्री. नऊ दिवस. शामला. … बस, एवढंच आहे. नऊ दिवसांत अजून काय लिहिणार?

… गेला बाहेर. … पाहून राहिलो. … उभा आहे. … बिडी पेटवली. … फेकली. … माणसांना काही सांगून राहिला, ऐकू येत नाही. … थांबा… थांबा… खुंटी काढली. … हो. एक काढली. … दुसरी. … चार असतात. … तिसरी निघत नाही, गोविंदा हलवून राहिला. … निघाली. … चौथी कुठं ठोकली तेच सापडत नाही त्यांना, गवत आहे न. … सापडली.

… गोदामाकडे चालले, बाई. … पोतं घेऊन. … हो, माणसं सगळी. मुकादम इकडे खिडकीशी आला.

काय म्हणता मुकादम? … साहेबाले सांगता की तिथं खडक लागला? … नाही नाही! खडक नका सांगू. हरकत लागली म्हणा. खडक म्हटलं तर उद्या सुरुंग घेऊन येतीन.

… हसल्या का, बाई? … बरं, खोकला आहे.

पण ताई, ऐका, हे फोनवरचं आठ दिवस टिकन. मग सही लागन. तुमालेच या लागन. … गुरुवारी? चालते. … एकट्या कधी आल्या नाही. … काही नाही, सकाळची गाडी धरा, दिवसाउजेडी पोहोचता. स्टेशनावर रिक्षा करा. स्मशान म्हणू नका, रिक्षावाले पहिल्या भाड्याले इकडे येत नाहीत. नाल्याजवळचा लाकूड विकणारा टाल म्हणा. पुढं मी उभा राहीन. … ओळखू येईन. टोपी घालतो, चष्मा आहे, अन् त्या रस्त्यावर दुसरं कोणी उभं राहत नाही.

… पावती आणा. चिकटवली तशीच आणा, पुठ्ठ्यासकट. … अजून काही नाही लागत. … बांगड्या? … आणाच्या तर आणा. … माप मले नाही सांगता येत, ताई.

… काय? … मालक? … इथं येत होते का? … दरवर्षी दिवाळीनंतर नागपूरले यायचे. … गांधीबागेत कापड घ्याले जातो म्हणून. … अन् कापड आणत नव्हते. … भाव पटला नाही म्हणायचे. अठरा वर्षं? … आमच्याकडे येणाऱ्याची नोंद नसते. गोविंदाले विचारतो.

गोविंदा, लेकरांच्या कोपऱ्यात कोणी माणूस येत होता का गा, दिवाळी झाल्यावर? … हो म्हणते. भिंतीजवळ बसत होता म्हणते. उंच, गोरा. … कसे होते मालक? … ठेंगणे. … सावळे. … पाहा न. गोविंदा कोणालेही ओळखतो म्हणते. त्याचं मनावर घेऊ नका. … मले नाही माहीत, ताई. आले असतीन. नसतीनही आले. माहीत नाही ते मी सांगत नाही. … हो. … हो, पावती मात्र जपली. ते तुमच्या हातात आहे.

… नाही, उपकार कशाचे? नोंद पाहून सांगाचं, हेच काम आहे माझं. आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. … हो, गवत काढून ठेवतो. … पूर्ण नाही काढत, वाट तेवढी काढतो. … हो… हो. गुरुवारी. … अजून एक मिनिट, एक्सचेंज, त्यांना बोलू द्या… काय म्हणता ताई? … आवाज जाऊन राहिला… परत म्हणा…

हॅलो? … हॅलो, जयवंताबाई? … कटला.

… कोण? … एक्सचेंज. … हो, झालं आमचं. ठेवतो. … नाही, रागावलो नाही. तुमचं कामच ते आहे. … ऐकत होत्या? … ऐकू येतच असन, डोक्याले लावूनच बसता.

… काय? … बोला न. … भाऊ. … तुमचाच? … पाठचा. … किती दिवसांचा? … माहीत नाही. … आईले विचारता येत नाही. … आहे न अजून, पण विचारता येत नाही. … समजलं. … नाव नसन तर नसू द्या. … पावतीही नसू द्या.

गोविंदा, बाकीचे रजिस्टर काढ गा. … सगळे.

हं. साल सांगा.