पावासारखा माणूस

…आणि तुलना कशाशी, तर पावाशी. आता तुम्हीच सांगा, पावात असं काय असतं? मिरजेत सायकलचं दुकान चालवता चालवता अख्ख्या पेठेच्या खोड्या काढलेला मी म्हातारा, मुलाकडे स्टुटगार्टला येतो काय, आणि एक परकी बाई तोंडावर सांगते काय, की विष्णू, तू पावासारखा आहेस… बरं, पाव तरी आपला लुसलुशीत असावा की नाही, इथला काळा, वर बिया चिकटवलेला, परवा चावायला गेलो तर कवळी पावात राहिली आणि मी बाहेर.

तुम्हाला सांगतो, सगळं त्या पाटीमुळे झालं. आमचा हृषिकेश गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्याच्या बिल्डिंगमध्ये एक भानगड आहे, तिला म्हणतात केरवोखे. नावातच केर. ज्याच्या दाराला पाटी लटकली, त्यानं आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, मग तो डॉक्टर असो नाहीतर प्रोफेसर, आणि पाटी लावली कुणी म्हणून कुणी विचारत नाही. पाटी म्हणजे पाटी. एवढा भोळा जिना माझ्यासारख्याच्या हाती दिल्यावर मी काय करणार, सांगा?

खालच्या मजल्यावर मार्ताबाई राहतात. स्लोव्हाकियाच्या, माझ्याच वयाच्या, गुडघे माझ्याहून गेलेले. पाटी त्यांच्या दाराला होती, मी दुपारी हळूच काढली आणि आमच्या दाराला लावली. का? अहो, हृषिकेशची पाळी नुकतीच संपली होती, म्हणून. संध्याकाळी आला, पाटीकडे बघत उभा राहिला, म्हणाला, "आल्झो… म्हणजे परत?" आणि बॅग ठेवून मुकाट्याने पायऱ्या पुसायला लागला. शाळेत गृहपाठाला एवढा वाकला असता तर! मी आपला गॅलरीत, उशीत तोंड खुपसून हसतोय.

पण मार्ताबाईंनी दाराच्या भिंगातून मला पाटी नेताना बघितलेलं. दुसऱ्या दिवशी वर आल्या, माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाल्या, "दोब्री आको ख्लिएब." मग तेच जर्मनमध्ये. आमची नात इरा, तिला मराठी कळतं पण उत्तर जर्मनमध्ये, त्या दिवशी उपकार केल्यासारखी म्हणाली, "आजोबा, ती म्हणते तुम्ही ब्रोटसारखे गुट आहात. पावासारखे चांगले."

"शिळ्या की ताज्या?"

"वाइस इष निष्ट," म्हणाली आणि गेली खेळायला. माहीत नाही म्हणे.

मला वाटलं, बाईनं पकडलं, टोमणा मारला. पावात असं काय असतं? दुपारी डोळा लागला की तोच पाव, टेकड्यांवरून घरंगळत यायचा, द्राक्षांच्या मळ्यांतून, एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, पुलाखालून, आणि माझ्या खाटेपाशी येऊन थांबायचा, बोलायचा काही नाही, नुसता गरम.

मग त्यांनी चहाला बोलावलं. इराला घेऊन गेलो ते ठरवूनच, की ती खोडी होती हे खरं सांगायचं, दोघांनी हसायचं, विषय संपला. तर स्वयंपाकघरात भट्टीतून नुकता पाव निघालेला, खिडकीवर वाफ, वाफेपलीकडे गाव असं तरंगत असलेलं, आणि तो वास… काय सांगू, मी खुर्चीत बसलेला आणि माझी बायको लता चुलीपुढे, मिरजेत, तवा उतरवतेय. मार्ताबाईंनी सुरीनं पावावर क्रूस काढला, मग कापला. एक तुकडा खाली पडला. त्या गुडघ्यांनी बाई वाकली हो, तुकडा उचलला आणि त्याचा मुका घेतला. आणि माझा हात? आपोआप कपाळाला. लता भाकरीचा तुकडा पडला की अशीच उचलून कपाळाला लावायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "तुमच्यापेक्षा हा बरा."

तेव्हा कळलं, बाईनं मला कुठल्या पंगतीला बसवलंय ते. अख्ख्या संसारात लतानं मला वात्रट म्हटलं, मेला म्हटलं, पण त्या तुकड्याशेजारी कधी ठेवलं नाही. मला तिथे थोडं बसावंसं वाटलं… खोटं कशाला बोलू. तरी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यात मार्ताबाईंनी लोणी लावलेला पाव घातला. भरल्या तोंडानं काय कबूल करणार?

घरी येऊन हृषिकेशला सांगितलं, तर तो लॅपटॉपमधून मान न काढता म्हणतो, "बाबा, पाटी तुम्ही हलवलीत हे मला पहिल्याच पायरीवर कळलं होतं."

"मग पुसलंस कशाला?"

"काकूंचे गुडघे दुखतात ना."

घ्या. म्हणजे पाव निघाला भलत्याच घरातून… म्हणजे आमच्याच, पण माझ्या खोलीतून नव्हे. आणि शमिका, आमची सून, हसत म्हणते, "अहो बाबा, काकूंनी अख्ख्या जिन्याला सांगितलंय तुमचं नाव. आता मागे घेता येणार नाही हं."

परवा मार्ताबाईंची पाळी परत आली. मी पाटीसमोर उभा, हात शिवशिवतायत, वर तीन दारं, एकेकाचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. पण भिंगामागे डोळा. बाई बघतेय, पावाकडे.

काढली पाटी, लावली आमच्या दाराला, आणि हृषिकेश यायच्या आत मीच बादली घेऊन बसलो. तेव्हापासून कंबर अशी धरलीय म्हणता… पावात असं काय असतं, विचारत होतो ना? मळतात हो त्याला आधी. चांगला मळतात.