टाकी कुठे आहे?

भोपाळमधल्या पिपलानीच्या थांब्यावर शमिका बसची वाट पाहत होती. शेजारी बाकावर एका म्हातारीची आणि तिच्या मुलाची जुंपली होती.

“जुना फ्रीज न्यायला आलेल्या माणसाला तू दारातूनच परत पाठवलंस?”

“पाठवलं. त्याच्या हातात पाना होता, टाकी नव्हती.”

“कसली टाकी?”

“फ्रीजमधला गॅस भरून न्यायची. मी विचारलं, गॅस कशात भरणार? तर हसून म्हणतो, ‘माताजी, हवा में छोड़ देंगे.’”

“अगं आई, त्याच्याकडे कंपनीचं कार्ड होतं.”

“कार्ड कुणीही छापतं.”

“आणि तो गॅस विषारी नसतो. वर जाऊन ओझोन तेवढा खातो.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“चौऱ्याऐंशी सालीही सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी मिरच्या जाळल्यात, म्हणून डोळे चुरचुरतायत. तुझे बाबा तेच म्हणाले आणि कूस बदलून झोपले.”



बस आली. शमिका उठलीच नाही. तिने घाईघाईने घरी फोन लावला.

“प्रसाद, आपला जुना फ्रीज न्यायला तो माणूस आला का रे? दारात उभा आहे? मग आत घेऊ नकोस. आधी विचार, टाकी कुठे आहे.”